सवलत कशाला द्यावी?

इ. स. २००० च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या विधिमंडळाने, अधिवेशन आटोपण्याच्या गडबडीत, एक असा कायदा संमत केला की ज्याचा हेतू शुद्ध होता, परंतु ज्याची कलमे लिहिताना आवश्यक ती दक्षता कोणी घेतली नव्हती. फिनिक्स शहराच्या खोऱ्यात साचून राहणारी धुरकट हवा निवळावी, लोकांनी पेट्रोल सोडून प्रोपेन किंवा नैसर्गिक वायूकडे वळावे, म्हणून जो कोणी आपली नवी मोटार अशा पर्यायी इंधनावर चालू शकेल अशी करून घेईल, त्याला मोटारीच्या किमतीचा ३० ते ५० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा आणि शिवाय फेरबदलाचा खर्च करसवलतीच्या रूपाने परत मिळावा, अशी त्यात तरतूद होती. मोटार त्या इंधनावर चालू शकली पाहिजे एवढेच कायदा म्हणत होता; ती प्रत्यक्षात त्या इंधनावर चालवली गेली पाहिजे, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नव्हते.

परिणाम व्हायचा तोच झाला. अवजड आणि महागड्या गाड्यांना ४ गॅलनांची, म्हणजे सुमारे १५ लिटरांची, प्रोपेनची लहानशी टाकी जोडून घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या आणि त्या गाड्या पेट्रोलवरच धावत राहिल्या, तरी सवलतीवरचा त्यांचा हक्क पूर्णपणे कायदेशीर होता. ज्या योजनेला फार तर १ कोटी डॉलर लागतील असा अंदाज विधिमंडळापुढे मांडला गेला होता, तिचा बोजा ५० कोटी डॉलरांच्या पलीकडे जाणार हे काही महिन्यांतच स्पष्ट झाले. गव्हर्नर जेन डी हल यांनी ऑक्टोबरमध्ये नव्या अर्जांना मनाई केली, खास अधिवेशन बोलावून कायदा आवरता घ्यावा लागला, आणि त्याचे प्रवर्तक, प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष जेफ ग्रॉस्कॉस्ट, नोव्हेंबरच्या निवडणुकीत पराभूत झाले.

या प्रकरणात लोकांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. शासन जे मागते तेच नागरिक देतो. आणि ॲरिझोनाने स्वच्छ हवा मागितली नव्हती, टाकी मागितली होती. हीच उणीव त्याआधीच्या, १९९२ च्या, केंद्रीय ऊर्जा कायद्यातही होती. राज्य सरकारांच्या खात्यांनी खरेदी करावयाच्या हलक्या गाड्यांपैकी ७५ टक्के गाड्या पर्यायी इंधनाच्या असाव्यात असा दंडक त्याने घातला, तेव्हा अनेक खात्यांनी इथेनॉल आणि पेट्रोल या दोहोंवर चालणाऱ्या गाड्या घेऊन नोंदवहीतील रकाना भरला आणि इथेनॉलचे पंप दुर्मिळ असल्यामुळे त्यांत पेट्रोलच ओतले. अशा दुहेरी गाडीत पर्यायी इंधन वापरलेही पाहिजे, ही अट केंद्राच्या स्वतःच्या गाड्यांपुरती का होईना, कायद्यात यायला २००५ साल उजाडले.

कॅलिफोर्निया राज्याचा मार्ग वेगळा आहे आणि माझ्या मते तो अधिक विचारपूर्वक आखलेला आहे. लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरावर होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या क्रियेत आहे, हे आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास सिद्ध केले होते. आणि देशभर एकच नियम असावा असे केंद्राने ठरविले तेव्हाही, या राज्याची हवा अगोदरपासून बिघडलेली आणि त्याचे नियमही अगोदरचे, म्हणून केंद्राच्या संमतीने अधिक कडक मर्यादा घालण्याचा अधिकार त्याला एकट्यालाच राखून ठेवण्यात आला. इतर राज्यांना स्वतःचे नियम रचता येत नाहीत; मात्र कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे स्वीकारता येतात, आणि न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांनी ते स्वीकारले आहेत. त्यामुळे सॅक्रामेंटो या राजधानीत लिहिलेल्या एका कलमाचा धाक डेट्रॉइटपासून टोकियोपर्यंतच्या कारखानदारांना वाटतो.

१९९० साली तेथील वायुसंपदा मंडळाने ग्राहकाला बक्षीस देण्याऐवजी कारखानदारावर बंधन घातले: राज्यात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी २ टक्के मोटारी १९९८ पर्यंत, ५ टक्के २००१ पर्यंत आणि १० टक्के २००३ पर्यंत धूर अजिबात न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत. कंपन्यांनी विरोध केला, बॅटऱ्या तेवढ्या सिद्ध झालेल्या नाहीत असे म्हणणे मांडले, आणि १९९६ मध्ये मंडळाने पहिले टप्पे मागे घेतले. जनरल मोटर्सने भाडेपट्ट्याने दिलेल्या ईव्ही-१ या विजेच्या मोटारी, वापरणारे त्या विकत घेण्यास तयार असताना, परत मागवल्या आणि त्यांतील बहुतेक चुरडून टाकल्या. तेव्हा हा प्रयोग फसला असेच पुष्कळांना वाटले. परंतु बंधन शिथिल झाले तरी रद्द झाले नव्हते. ज्याची विजेच्या मोटारींची विक्री नियमाहून अधिक, त्याने आपले जादा गुण कमी पडणाऱ्याला विकावेत, अशी व्यवस्था त्यात होती, आणि पुढे टेस्ला या नव्या कंपनीला तिच्या कठीण वर्षांत या गुणविक्रीचा मोठा आधार मिळाला. सरकारी तिजोरीतून पैसा न काढता जुन्या उद्योगाचा पैसा नव्या उद्योगाकडे वळविणारी ही तरतूद मला या सगळ्या कायद्यांतील सर्वांत बुद्धिमान तरतूद वाटते. तिच्यावरही आज संकट आहे: २०३५ पर्यंत सर्व नव्या मोटारी धूरमुक्त करण्याचा २०२२ चा नियम ज्या संमतीवर उभा होता, ती अमेरिकन काँग्रेसने आणि राष्ट्राध्यक्षांनी जून २०२५ मध्ये काढून घेतली, आणि कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

सवलत एकाएकी काढून घेतली तर काय होते, याचे उत्तर जॉर्जिया राज्यात मिळते. तेथे विजेच्या मोटारीवर राज्याच्या आयकरात ५,००० डॉलरपर्यंत सूट होती, आणि केंद्राची ७,५०० डॉलरांपर्यंतची वेगळी. अटलांटा शहर निसान लीफ या गाडीची देशातील एक अग्रगण्य पेठ बनले होते. १ जुलै २०१५ पासून ही सूट बंद झाली, आणि त्याच कायद्याने अशा मोटारीवर वर्षाला २०० डॉलर शुल्क बसविले. विक्री कोसळली. शुल्क आकारणे चूक होते असे मी म्हणत नाही. परंतु आज बक्षीस आणि उद्या पट्टी, यांमध्ये एखादी पायरी असायला हवी होती.

त्या शुल्कामागे खरी अडचण आहे. अमेरिकेतील रस्ते मुख्यतः पेट्रोलवरील कराने बांधले गेले. हा कर प्रथम ओरेगॉन राज्याने १९१९ मध्ये, गॅलनमागे एक सेंट या दराने, बसविला. जो अधिक फिरतो तो अधिक पेट्रोल जाळतो आणि म्हणून रस्त्यासाठी अधिक देतो, हा त्यातील न्याय सरळ होता; विजेची मोटार तेवढेच फिरते आणि काहीच देत नाही. त्याच ओरेगॉनने २०१५ मध्ये स्वेच्छेने नाव नोंदविणाऱ्या मोटारमालकांकडून मैलामागे दीड सेंट घेण्यास आरंभ केला. सरसकट वार्षिक शुल्क महिन्यातून चार वेळा दवाखान्यात जाणाऱ्या वृद्धाला आणि दररोज शंभर मैल हाकणाऱ्या व्यापाऱ्याला एकाच मापाने मोजते. मैलाचा हिशेब ज्याने त्याने जेवढा रस्ता वापरला तेवढाच मोजतो. गाडी कोठे गेली याची नोंद सरकारजवळ राहील, ही लोकांची शंका मात्र रास्त आहे, आणि ओरेगॉनने स्थान न नोंदविणारे उपकरण निवडण्याची मुभा ठेवली, हे योग्यच केले.

महाराष्ट्राच्या धोरणांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांतील बदल लक्षात येतो. २०२१ च्या धोरणात अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर होते, प्रति किलोवॉट-तास ५,००० रुपये, दुचाकीस फार तर १०,००० रुपये; म्हणजे ते वस्तूला दिलेले होते, वापराला नव्हे. २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ केला, तेव्हा प्रथमच सवलत प्रत्यक्ष धावण्याशी जोडली गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ३० लाख रुपयांहून महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचविला गेला आणि महिना संपण्याच्या आत मागे घेतला गेला. असे हेलकावे खरेदीदाराला आणि कारखानदाराला सारखेच घातक असतात. नव्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० ला संपते. त्यानंतर पथकर पूर्ण दराने लागू होणार की टप्प्याटप्प्याने, आणि रस्त्यांच्या डागडुजीचा वाटा विजेच्या गाड्यांकडून कोणत्या हिशेबाने घेतला जाणार, हे शासनाने आजच जाहीर करावे. कारण आज गाडी घेणारा गृहस्थ कर्जाचे हप्ते त्या तारखेच्या पुढेही भरत राहणार आहे.