वॉरंटी संपली म्हणून कंपनी सुटत नाही

घुग्घुसमध्ये दहा-बारा वर्षांची गाडी गॅरेजला नेली की ठरलेलं उत्तर: ‘वॉरंटी संपली, आता कंपनी काय करणार!’ ब्रेक पॅड, क्लच प्लेट, कोळशाच्या धुळीने चोंदलेला एअर फिल्टर, इथपर्यंत ते खरंच आहे. झिजणारं झिजणारच. बनवतानाच राहिलेला दोष वेगळा.

ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं बघा. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडायचं. मग धडकेत एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे थेट अंगावर. जानेवारी २०१७ मध्ये होंडाने भारतात २०१२ साली बनलेल्या ४१,५८० सिटी, जाझ, सिव्हिक, अकॉर्ड परत बोलावल्या. पार्ट फुकट बदलून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा जुनी सेकंडहँड घेतली असेल तर आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघाच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११०अ सक्तीचा रिकॉल आणतं, पण १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत गाडी सात वर्षांच्या आतली हवी. म्हणजे वयाबरोबर डोकं वर काढणारा दोष नेमका सुटतो! मला हे अजिबात पटत नाही.

उरतो ग्राहक संरक्षण कायदा २०१९. सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते, तीही चंद्रपूरच्या जिल्हा आयोगात. मुदत साधारण दोन वर्षं. आणि भाऊ, काढलेला पार्ट गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नका. पुरावा तोच.