जग जिंकण्याचा हिशेब

जग जिंकण्याचा खेळ कोणी शोधून काढला असेल, असे विचारले तर आपल्या डोळ्यांपुढे एखादा निवृत्त सेनापती उभा राहील. तो काढला एका फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाने. आल्बेर लामोरीस हे त्याचे नाव, आणि जगाला तो ठाऊक आहे तो एका लाल फुग्यामुळे. १९५६ सालचा त्याचा 'द रेड बलून' हा जेमतेम चौतीस मिनिटांचा चित्रपट. पॅरिसच्या जुन्या वस्तीतला एक लहान मुलगा आणि त्याच्या मागोमाग कुत्र्याच्या पिलासारखा फिरणारा फुगा, एवढीच गोष्ट. मुलाचे काम लामोरीसच्या मुलानेच, पास्कलने केले होते. या चिमुकल्या चित्रपटाला कान महोत्सवात लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि मूळ पटकथेचे ऑस्करही मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९५७ साली, याच माणसाचा एक बैठा खेळ फ्रान्समध्ये मिरो कंपनीने बाजारात आणला. नाव होते 'ला काँकेत द्यू माँद', म्हणजे 'जगाची जिंकणी'. १९५९ साली अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्सने नियमांत थोडे फेरफार करून तो 'रिस्क' या नावाने काढला आणि तेच नाव पुढे जगभर झाले. आपल्याकडे 'व्यापार'चा पट मांडून मुले जशी सुट्टीतल्या दुपारी जागा विकत घेत, तशी तिकडची मुले खंडेच्या खंडे घेऊ लागली.

हा काळ लक्षात घ्यावा. १९५४ साली दिएन बिएन फू येथे पराभव होऊन फ्रान्सला व्हिएतनाम सोडावा लागला होता. त्याच वर्षी अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १९५६ साली सुएझमधून ब्रिटन आणि फ्रान्स यांना हात हलवत परतावे लागले. खरी साम्राज्ये आवरायला निघाली होती, नेमके तेव्हा खोट्या साम्राज्यांचा पट दिवाणखान्यात मांडला गेला.

पटावर जगाचा नकाशा असतो. त्याचे सहा खंड आणि बेचाळीस प्रदेश. प्रत्येक भिडूकडे एका रंगाचे सैन्य. तिघे खेळत असतील तर प्रत्येकी पस्तीस सोंगट्या, सहा असतील तर वीस. आधी सगळे प्रदेश वाटून घ्यायचे आणि मग एकमेकांचे हिसकायचे. आपली पाळी आली की ताब्यातले प्रदेश मोजून तिनाने भागायचे. जो आकडा येईल तितके नवे सैन्य मिळते, पण तिनापेक्षा कमी कधीच नाही. अख्खा खंड हाती असेल तर वर बक्षीस: आशियाला सात, युरोप आणि उत्तर अमेरिकेला पाच-पाच, आफ्रिकेला तीन, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला दोन-दोन.

नवखा भिडू सात पाहून आशियाकडे धावतो आणि तिथेच बुडतो. बारा प्रदेशांचा तो खंड चहूबाजूंनी उघडा. मुरलेला भिडू मुकाट्याने ऑस्ट्रेलियात जाऊन बसतो. चारच प्रदेश, आणि आत शिरायला सयाम ते इंडोनेशिया ही एकच वाट. दर पाळीला दोन सोंगट्या म्हणजे फार नव्हे, पण नियमित. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ही मुदत ठेव चटकन ओळखता येते.

लढाई फाशांची. हल्ला करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन फासे, बचाव करणाऱ्याला दोन. मोठ्याशी मोठा फासा लावून पाहायचा. बरोबरी झाली तर जय बचाव करणाऱ्याचा. एकास एक अशी लढत असेल, तर हल्ला करणारा शंभरातून बेचाळीस वेळाच जिंकतो. तिनास दोन असे फासे पडले, तर मात्र सदतीस वेळा बचाव करणाऱ्याच्या दोन्ही सोंगट्या जातात, एकोणतीस वेळा हल्ला करणाऱ्याच्या, आणि उरलेल्या वेळी दोघांची एकेक. म्हणजे हल्ला फायद्याचा आहे, पण पाठीशी मोठी फौज असेल तरच. बुद्धिबळात दैवाला जागा नाही, सारीपाटात ते फार. हा खेळ दोहोंच्या मधला.

पण या खेळाचा गाभा मला एका साध्या नियमात दिसतो. जिंकलेल्या प्रत्येक प्रदेशात निदान एक सोंगटी ठेवावीच लागते. ती पुढच्या लढाईला येत नाही. दहा सोंगट्या घेऊन निघालेला भिडू, एकही न गमावता, पाच प्रदेश जिंकेपर्यंत मागे पाच ठेवून आलेला असतो. नकाशावर त्याचा रंग पसरलेला दिसतो आणि प्रत्यक्षात तो आधीपेक्षा दुबळा झालेला असतो. कर्जाचे अर्ज तपासताना हेच चित्र मी पुष्कळदा पाहिले. पहिले दुकान नीट चालू, दुसरे कसेबसे, आणि अर्ज तिसऱ्या आणि चौथ्यासाठी. बँकेत 'रिस्क' हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारत असू. त्याचा अर्थ हा पट फार सोप्या रीतीने सांगतो. घेणे सोपे, राखणे महाग.

त्यात पत्त्यांची भर. एका पाळीत एखादा तरी प्रदेश जिंकला की एक पत्ता मिळतो. त्यावर पायदळ, घोडदळ किंवा तोफखाना. एकाच जातीचे तीन, नाहीतर तिन्ही जातींचे एकेक असे जमले की ते देऊन सैन्य घ्यायचे. पहिल्या जुळणीला चार सोंगट्या, मग सहा, आठ, दहा, बारा, पंधरा आणि पुढे दर वेळी पाच वाढत जातात. त्यामुळे संपत आलेला भिडू एकाएकी उसळतो आणि तीन तासांची पुण्याई एका पाळीत धुऊन जाते. तह-करारांबद्दल मूळ नियम काहीच सांगत नाहीत. 'तू आफ्रिकेत येऊ नकोस, मी युरोपात येत नाही' हा करार तोंडीच असतो आणि तो मोडणारी बहीण किंवा मेहुणा रात्रीच्या जेवणाला शेजारीच बसायचा असतो.

जिंकण्याचा हिशेब हा खेळ असा चोख मांडतो. मात्र या खातेवहीत एक रकाना नाही: त्या बेचाळीस प्रदेशांत राहणाऱ्या माणसांचा. लामोरीसला जमीन वरून पाहण्याचे वेड होते. हेलिकॉप्टरमधून न हलता चित्रण करता येईल असे एक यंत्र त्याने तयार केले होते आणि १९७० साली इराणमध्ये असेच चित्रण करताना हेलिकॉप्टर कोसळून, वयाच्या अट्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला. वरून पाहिले की डोंगर, नद्या, किनारे सुरेख दिसतात. माणसे दिसत नाहीत.

ती मधूनच पटावर येतात. १९९५ साली 'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेच्या एका भागात दोन मित्र भुयारी रेल्वेत हा पट घेऊन बसलेले असतात. एक जण युक्रेन कसा दुबळा आहे ते सांगत असतो. शेजारचा प्रवासी नेमका युक्रेनचा निघतो आणि संतापून पट उधळून देतो. तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसले. २०२२ साली खरे रणगाडे युक्रेनमध्ये शिरल्यानंतर ते हसू घशात अडकते. पश्चिम जर्मनीत ऐंशीच्या दशकात या खेळाच्या युद्धखोरीबद्दल वाद झाला, तेव्हा नियमांतला 'जिंकणे' हा शब्द काढून 'मुक्त करणे' असा घातला गेला. फासे तेच राहिले. खऱ्या सेनापतींनाही हीच शब्दांची अदलाबदल नेहमी सुचत आली आहे.

सर्वांत हृद्य आठवण अर्जेंटिनाची. तिथे या खेळाचा 'टेग' नावाचा देशी अवतार घरोघरी खेळला जातो. २००२ सालच्या 'कामचात्का' या चित्रपटात १९७६च्या लष्करी राजवटीपासून लपलेले एक कुटुंब आहे. बाप आणि लहान मुलगा रोज हा पट मांडतात. एका रात्री बापाकडे एकच प्रदेश उरतो, रशियाच्या पूर्व टोकाचा कामचात्का. मुलगा हल्ल्यावर हल्ले करतो, पण तेवढा एक प्रदेश पडत नाही. पुढे मुलाला आजोबांकडे सोडून आईबाप निघून जातात, ते परत न येण्यासाठी, आणि निरोप घेताना बाप मुलाच्या कानात तेवढेच नाव सांगतो. जग जिंकण्यासाठी काढलेल्या पटावरून त्या मुलाने टिकून राहायचे कसे ते उचलले.

सुट्टीत मुलांबरोबर हा खेळ जरूर खेळावा. वेळ मात्र हाताशी ठेवावा, कारण डाव चार-पाच तासही चालतो. आणि भारतावर चाल करून येणाऱ्या नातवाला, फासे टाकण्याआधी, या प्रदेशाला चार शेजारी आहेत हे दाखवावे. राखायला तो कठीण जातो. तिथे राहते कोण, हेही त्याला विचारावे; त्याचे उत्तर त्याला आरशात सापडेल. मग याकुत्स्कमध्ये, सयाममध्ये कोण राहते, हे तो आपणहून विचारील. डाव संपला की साऱ्या सोंगट्या रंगांप्रमाणे वेगळ्या होऊन आपापल्या डब्यात परत येतात. ही सोय फक्त पटावर असते, एवढे त्याला कळले तरी खेळ सत्कारणी लागला.