आठ परार्धांतले पंधरा

अंगठा वर करा. नखाकडे बघा. आता मनात एकदा ‘एक’ म्हणा. झालं! तेवढ्या एका सेकंदात त्या नखातून न्यूट्रिनो नावाचे सुमारे 6,500 कोटी कण आरपार गेले. सगळे सूर्याच्या पोटातून निघालेले, आणि नखाला त्याचा पत्ताही नाही. रात्री वाचत असाल तरी आकडा तोच. रात्री सूर्य आपल्या पायाखाली असतो, आणि हे कण अख्खी पृथ्वी भेदून खालून वर येतात.

अर्थसंकल्पाच्या बातम्या वाचून 6,500 कोटी आपल्या सरावाचे झालेत. म्हणून जरा नाणेघाटात चला. तिथे एक दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी त्यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. समजा, तिथल्या एका कारकुनानं नाणी मोजायला घेतली. सेकंदाला एक, झोप नाही, जेवण नाही. 6,500 कोटींना त्याला जवळजवळ 2,060 वर्षं लागली असती! सातवाहन गेले, यादव गेले, शिवशाही आली, पेशवाई बुडाली, बोरीबंदरातून आगगाडी सुटली, आणि आमचा कारकून आत्ता कुठे शेवटच्या नाण्यापाशी आला असता. एका नखाची, एका सेकंदाची मोजणी ही.

आणि हे कण अडवायचे कशानं? शिसं लावा. किती जाड? एक प्रकाशवर्ष जाडीची भिंत उभारली, तरी त्यातले निम्मे पार होतील. प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. डेक्कन क्वीन मुंबई-पुणे हे 192 किलोमीटर सव्वातीन तासांत कापते. तिला या भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पळवली, तर लागतील सुमारे एक कोटी ऐंशी लाख वर्षं!

असा कण पकडायला माणसं निघाली. पृथ्वीच्या वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो 1965 साली पहिल्यांदा सापडले, त्यांतले काही आपल्याच कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जवळजवळ अडीच किलोमीटर खोल. त्या कामात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. इतकं खोल जायचं कारण एकच: आकाशातून बरसणाऱ्या बाकीच्या कणांचा गलबला वरच्या खडकातच थांबावा.

आता जपानमध्ये या. कामिओकाच्या खाणीत डोंगराखाली हजार मीटरवर 1996 पासून ‘सुपर-कामिओकांदे’ नावाची टाकी आहे. उंची 41 मीटर, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्या दीडपटीहून जास्त. आत 50,000 टन पाणी, म्हणजे पाच कोटी लिटर. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवते? पन्नास वाघिणी, एका खेपेला 25 लाख लिटर. ही टाकी भरायला तशा 20 गाड्या लागतील! की विहिरींत मोजायचं? सहा मीटर रुंद आणि दहा मीटर पाण्यानं भरलेल्या पावणेदोनशे विहिरी इथे रित्या कराव्या लागतील. पाणीही असं नितळ, की प्रकाश त्यात शंभर मीटर जाऊनही पुरता विझत नाही.

सूर्य माथ्यावर असताना या टाकीच्या तोंडातून सेकंदाला किती न्यूट्रिनो जातात? 8 वर 17 शून्यं. ‘एकं, दहं, शतं’ पाठ केलेल्यांना शेवटचा शब्द आठवत असेल: परार्ध. एकावर सतरा शून्यं, आणि आपली मोजणी तिथेच थांबते. म्हणजे सेकंदाला आठ परार्ध! आणि दिवसाचे 86,400 सेकंद राबून सूर्याकडचे न्यूट्रिनो हाती लागतात किती? सुमारे पंधरा.

पंधरा! त्या पंधरांसाठीच हा सगळा पसारा. न्यूट्रिनो पाण्यात धडकला की निळसर प्रकाशाचा क्षणभराचा झोत निघतो. तो टिपायला टाकीच्या आतल्या भिंतींवर अकरा हजारांवर प्रकाशनळ्या लावल्यात. प्रत्येकीचं तोंड अर्धा मीटर रुंद, लग्नघरच्या परातीएवढं, आणि काच माणसानं फुंकून घडवलेली. प्रकाशाचा एक कण पडला तरी तिला कळतं.

या नळ्या जाणत्या करतात ते बरेचदा नुकतीच पीएचडी संपवून दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेले तरुण, ज्यांना पोस्टडॉक म्हणतात. कोणती नळी उगाच बडबडते, कोणती उशिरा सांगते, हे ते एकेक करून तपासतात. उशीर म्हणजे किती? एक-दोन नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक-दोन अब्जांश. ताशी शंभर किलोमीटरनं धावणारी गाडी एका नॅनोसेकंदात केसाच्या जाडीच्या अडीच हजाराव्या भागाइतकी सरकते! मला या सगळ्या आकड्यांत हाच सगळ्यात थोर वाटतो. परार्ध निसर्गानं दिले, नॅनोसेकंद माणसानं कमावला.

हा सगळा पसारा किती नाजूक, हे 12 नोव्हेंबर 2001 ला कळलं. तळाची एक नळी फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारची, तिच्यामुळे पुढची, आणि बघता बघता साडेसहा हजारांहून जास्त नळ्यांचा चुरा झाला. माणसं खचली नाहीत. उरलेल्या नळ्या नीट वाटून लावल्या, प्रत्येकीला कवच चढवलं आणि काम पुन्हा सुरू केलं.

आता तिथून जवळच ‘हायपर-कामिओकांदे’ उभी राहतेय. 26 कोटी लिटर पाणी, म्हणजे लातूरच्या 104 गाड्या, नऊशेहून जास्त विहिरी! नळ्या वीस हजार. एका पोस्टडॉकनं दहा मिनिटांत एक नळी तपासली आणि रोज आठ तास काम केलं, तर एकही सुट्टी न घेता चौदा महिने. शिवाय 295 किलोमीटरवरच्या तोकाईहून न्यूट्रिनोंचा झोत थेट खडकातून इकडे सोडायचा. मुंबईहून पुण्याला रस्त्यानं जाऊन परत यावं एवढं ते अंतर, आणि प्रवासाला सेकंदाचा हजारावा भाग!

सगळ्यात मोठा आकडा मात्र 1987 चा आहे. 1.6 लाख प्रकाशवर्षांवरचा एक तारा फुटला आणि त्यातून न्यूट्रिनो निघाले 1 वर 58 शून्यं, एवढे. परार्ध गुणिले परार्ध गुणिले परार्ध, त्यालाही आणखी एक कोटीनं गुणायचं! 23 फेब्रुवारीला ते कामिओकाच्या जुन्या, लहान टाकीतून गेले. सापडले अकरा, तेरा सेकंदांत. आणि स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचला त्यानंतर सुमारे तीन तासांनी, कारण ताऱ्याच्या पोटातून बाहेर फुटायलाच त्याला वेळ लागतो.

पुढचा तारा आपल्याच आकाशगंगेत फुटला, तर या वीस हजार परातींमध्ये हजारो ठिणग्या एकदम उजळतील. रात्रपाळीला बसलेल्या पोस्टडॉकनं ताबडतोब जगभरच्या वेधशाळांना कळवायचं, दुर्बिणी वळवा. हाताशी वेळ असेल तो साधारण डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून पुण्याला पोचेपर्यंतचा.