पेल्यातला धूर कुठून येतो

धुरकट व्हिस्की म्हटली की बहुतेकांना स्कॉटलंडचं आयला बेट आठवतं. तिथे मोड आणलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवतात. धूर आधी दाण्यात मुरतो, दारू नंतर होते. टेक्सासमधल्या वेको शहरात 2008 साली सुरू झालेल्या बाल्कोन्स या डिस्टिलरीने आपल्या ‘ब्रिमस्टोन’ व्हिस्कीसाठी हा क्रम उलटवला. निळ्या मक्याची दारू आधी गाळायची आणि मग त्या दारूलाच खुरट्या ओकच्या लाकडाचा धूर द्यायचा. नेमका कसा, हे ते सांगत नाहीत. अमेरिकी कायद्याप्रमाणे कॉर्न व्हिस्कीत किमान 80 टक्के मका लागतो (बर्बनला 51 टक्के पुरतो), त्यामुळे धुराखाली मक्याचा गोडवा असतोच. तो शोधणं हीच चाखण्यातली खरी गंमत.

रत्नागिरीत बसून ही व्हिस्की चाखायची तर शेजारी काजूची फेणी ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेतून गेलेल्या माणसाला बोंडूचा तो गोड, आंबूस, घशाला किंचित खवखव आणणारा वास वेगळा शिकवावा लागत नाही. गोव्यात झाडावरून आपोआप पडलेले बोंडू मळून रस काढतात. तो वरून यीस्ट न घालता आंबतो आणि मग भट्टीवर चढतो. पहिल्या गाळपाची हुर्राक, पुढच्या गाळपाची फेणी. 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे मात्र घरी दारू गाळणं गुन्हा, त्यामुळे तसेच रसरशीत बोंडू बी काढून घेतल्यावर झाडाखाली कुजून जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भट्टीखाली लाकडंच जळतात, तरी चांगल्या फेणीला धुराचा वास नसतो, कारण भांडं वरून बंद असतं. चोथा तळाला लागला तर मात्र वास येतो, आणि तो करपट असतो. धुरकट आणि करपट यांतला फरक नाकाला कळला की अर्धं काम झालं. धुरकट वासात लवंगेसारखी ऊब असते. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायकॉल नावाचा पदार्थ तयार होतो, त्याची ती करणी. करपट वास कडवट असतो आणि जिभेवर रेंगाळतो.

आता चाखूया. (महाराष्ट्रात त्यासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही.) तोंडाशी निमुळते होत गेलेले दोन छोटे ग्लास घ्या. फेणी आधी, व्हिस्की नंतर. धूर एकदा नाकात बसला की बोंडू सापडत नाही. ब्रिमस्टोन 53 टक्के अल्कोहोलची आहे, तेव्हा नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि वास वर येऊ द्या. पहिल्या फेरीत फक्त धूर जाणवेल. काही क्षण थांबून, मोकळी हवा घेऊन पुन्हा वास घ्या. नाक धुराला सरावलं की भाजलेल्या कणसाचा गोडसरपणा पुढे येतो. मग अगदी छोटा घोट. तो जिभेवर फिरवा, गिळा आणि श्वास नाकाने सोडा. चवीतलं बरंचसं आपल्याला या परतीच्या वाटेवरच कळतं.

यानंतर पाणी. 30 मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे 7 मिलिलिटर, म्हणजे चहाचा दीड चमचा. एवढ्याने ती 43 टक्क्यांच्या आसपास येते, फेणीच्या 42.8 टक्क्यांना जवळजवळ भिडते आणि दोघींची तुलना न्याय्य होते. दुसरंही कारण आहे. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी 2017 साली संगणकावर दाखवलं, की अल्कोहोल 45 टक्क्यांच्या खाली गेलं की ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ गोळा होतं. म्हणजे पाणी घातल्यावर दारू सौम्य होते, पण धूर उलट नाकाशी येतो. बर्फ मात्र नको. गारव्याने सगळेच वास आखडतात.

शेवटी फेणीकडे परत जा. आता बोंडूची ओळख झालेली असते आणि नाक धुराला सरावलेलं असतं, त्यामुळे ती आधीपेक्षा जास्त फळाळ लागेल.