मधुमेह्याचा पाय : शस्त्रक्रियेनंतर औषध किती दिवस ?

मधुमेहानें दुबळ्या झालेल्या पायाच्या हाडांत जंतूंनीं घर केलें, शस्त्रवैद्यांनीं तें सडलेलें हाड काढून टाकलें आणि रुग्ण घरीं आला, म्हणजे घरांतील मंडळींपुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो : हीं अँटिबायोटिक औषधें आतां किती दिवस द्यावयाचीं ? एक म्हणतो, "जखम वरून सुकली, आतां पुरे करा." दुसरा म्हणतो, "आणखी महिनाभर असूं द्या, त्यांत बिघडणार काय ?" दोन्ही सल्ले मायेपोटींच निघालेले असतात, परंतु दोन्ही सारखेच धोक्याचे आहेत. औषधाची मुदत जखम कशी दिसते यावरून ठरत नाहीं; शस्त्रक्रियेनंतर आंत काय शिल्लक राहिलें यावरून ती ठरते.

मधुमेह्याच्या अंगावर उठणाऱ्या पिडकांचा विचार आपल्या प्राचीन आचार्यांनींही केला होता. चरकसंहितेंत त्यांचे सात व सुश्रुतसंहितेंत दहा प्रकार सांगितले आहेत. पायाच्या व्रणाचें कारण आज अधिक स्पष्टपणें कळलें आहे. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली कीं पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. मग कांटा बोंचला किंवा चप्पल चावली तरी कळत नाहीं. क्षत खोल जातें व जंतु हाडापर्यंत पोंचतात. या विकारास डॉक्टर ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. आरंभींचे दोन-तीन आठवडे क्ष-किरणांच्या चित्रांतही तो दिसेलच असें नाहीं. म्हणून व्रणांत धातूची बोथट शलाका घालून ती हाडास लागते कीं काय, हें डॉक्टर पाहतात.

औषध हाडापर्यंत पोंचतें तें रक्तावाटे. मेलेल्या हाडांत रक्तच फिरत नाहीं. शिवाय जंतु त्यावर एक चिकट थर धरून त्याच्या आडोशास बसतात. यासाठीं पुष्कळदां शस्त्राचा आश्रय करावा लागतो. सडलेला भाग काढल्यावर जें हाड मागें राहतें, त्याच्या टोंकाचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवितां येतो. पुढील सारा हिशेब बहुतांशीं त्या तपासणीवर असतो.

मधुमेही पायासंबंधीं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळांनीं 2023 सालीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांचा मथितार्थ असा : दूषित हाड संपूर्ण निघालें असेल व भोंवतालचें मांसही स्वच्छ असेल, तर थोडेच दिवस औषध पुरतें. मांसांत जंतुदोष उरला असेल तर सामान्यतः एक ते दोन आठवडे. बोट किंवा पायाचा थोडा भाग काढल्यावर उरलेल्या हाडाच्या टोंकांत जंतु सांपडले, तर तीन आठवड्यांपर्यंत. हाड मुळींच काढलें नसेल तर सहा आठवडे.

ही मुदत पूर्वीं याहून लांब असे. अमेरिकेंतील 2012 च्या नियमांत, दूषित पण जिवंत हाड मागें राहिल्यास चार ते सहा आठवडे सांगितले होते. जिनीव्हा येथें 93 रुग्णांवर केलेला एक प्रयोग 2021 सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रानें व्रण साफ केल्यावर कांहींना तीन व कांहींना सहा आठवडे औषध दिलें. तीन आठवडेवाल्यांपैकीं शेंकडा 84 व सहा आठवडेवाल्यांपैकीं शेंकडा 73 रुग्ण रोगमुक्त राहिले. प्रयोग लहान, म्हणून कमी मुदतच सरस असें यावरून म्हणतां येत नाहीं. परंतु दुप्पट दिवस दिल्यानें दुप्पट गुण येतो, हा समज मात्र त्यानें डळमळीत केला. इंजेक्शनच हवें, या आग्रहाचेंही तसेंच. हाडें व सांधे यांच्या जंतुदोषाच्या 1054 रुग्णांवर ब्रिटनमध्यें झालेल्या प्रयोगांत, योग्य निवडलेलें पोटांतील औषध शिरेंतील औषधाहून कमी ठरलें नाहीं, असें 2019 सालीं दिसून आलें.

"बिघडणार काय ?" याचें उत्तर असें कीं पुष्कळ बिघडतें. जुलाब लागतात, मधुमेहानें आधींच थकलेल्या मूत्रपिंडांवर कांहीं औषधांचा भार पडतो, आणि औषधास न जुमानणारे जंतु माजतात. मग पुढल्या खेपेस खरी गरज पडली असतां तेंच औषध निरुपयोगी ठरतें. उलट, मध्येंच औषध सोडलें तर हाडांत उरलेले जंतु पुन्हां उठतात व आज बोटावर निभावलेलें उद्यां पायावर येतें. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ आहे, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाच्या नसतात. एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देण्याची काटकसर तर घरानें कधींच करूं नये.

रुग्णास घरीं आणतांना तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्या : दूषित हाड सगळें निघालें काय ? टोंकाच्या तपासणींत काय आढळलें ? औषध कोणत्या तारखेस थांबवावयाचें ? एकत्र कुटुंबांत सगळेच काळजी करतात आणि गोळी मात्र कोणीच देत नाहीं, असें होऊं नये. एकाच जबाबदार माणसाकडे हें काम सोंपवावें. साखर आटोक्यांत ठेवणें व त्या पायावर भार न देणें, हें औषधाइतकेंच महत्त्वाचें. बधिर पायास शेक देऊं नये. पुढें चालण्याची परवानगी मिळाली कीं सोंवळ्याच्या वा देवघराच्या निमित्तानेंही अनवाणी फिरूं नये. घरांत वापरण्यापुरता डॉक्टरांनीं सांगितलेला निराळा जोड ठेवावा. तळवा व बोटांच्या बेचक्या रोज उजेडांत पाहाव्या. वृद्धांस वांकतां येत नाहीं, तेव्हां हें काम सुनानातवंडांनीं करावें. पू, दुर्गंधी, सूज, लाली, काळेपणा, ताप किंवा एकाएकीं वाढलेली साखर दिसतांच डॉक्टरांना गांठावें.

औषध बंद झालें म्हणजे रोग गेला, असेंही समजूं नये. त्यानंतर निदान सहा महिने विकार उलटला नाहीं, तरच तो बरा झाला असें तज्ज्ञ म्हणतात. किती दिवस द्यावयाचें हें डॉक्टरांनीं ठरवावें. ठरलेल्या दिवसांत एकही कमी-अधिक होऊं न देणें, हें मात्र घराचें कर्तव्य आहे.