बाळंतिणीची पिशवी

पंढरीच्या वारीला निघायचे म्हटले, की आपल्याकडे आठ दिवस आधीपासून पडशी भरायला लागते. लेक किंवा सून दवाखान्यात बाळंत व्हायची असली, तर मात्र कळा सुरू होईपर्यंत घरात कोणी हालत नाही. मग रात्री एक वाजता बॅटरी घेऊन कपाट उचकायचे. कागद सापडला तर कपडा नाही, कपडा सापडला तर पैसे नाहीत. इकडे बाई कळा सोसते आहे आणि गाडी दारात उभी आहे.

काही घरांत आधी तयारी करत नाहीत, ती मुद्दाम. मूल पोटात असताना त्याचे काही आणले तर दृष्ट लागते, असे म्हाताऱ्या बाया सांगतात. त्यांचे मन मोडायचे कारण नाही. आपल्याला नवे काही आणायचेच नाही. घरातले जुनेच हवे आहे, आणि या कामाला तेच जास्त चांगले.

पिशवी भरायची कधी? डॉक्टर एक तारीख देतात. पण नेमकी ती तारीख धरून जन्मणारी बाळे थोडीच. कोणी दोन-तीन आठवडे आधी येते, कोणी नंतर. म्हणून आठवा महिना संपायच्या आत पिशवी भरून ठेवावी.

आता तिच्यात पहिल्यांदा काय घालायचे? कपडे नव्हे, कागद. हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

आमची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड आम्ही कपाटात ठेवून कुलूप लावले. महत्त्वाचा कागद, म्हणून कुलपात! शाळेचे दाखले जन्मभर तसेच सांभाळले, ती सवय. किल्ली आमच्या खिशात, आणि आम्ही एका सोयरिकीच्या लग्नाला परगावी. तारखेला सतरा दिवस बाकी होते. त्याच संध्याकाळी तिला कळा आल्या. घरच्या मंडळींनी तिला तसेच दवाखान्यात नेले. नर्सबाईंनी रक्तगट विचारला. आमची मंडळी म्हणाली, "कार्डात लिहिलाय." आणि कार्ड तर कुलपात. लेक कळांनी इतकी हैराण, की तिलाही आठवेना.

तिचा गट निघाला ओ निगेटिव्ह. असे रक्त फार थोड्या लोकांचे असते. दवाखाना रक्तगट स्वतः तपासतोच, कार्डावर विसंबून रक्त चढवत नाही. पण कार्ड समोर असते तर रक्ताची चौकशी दोन-तीन तास आधी सुरू झाली असती. बाळ झाल्यावर तिला रक्तस्राव फार झाला. जावईबापूंनी रात्रभर धावाधाव करून पहाटे बाटली आणली, तेव्हा ती वाचली. आम्ही सकाळी पोचलो. किल्ली खिशातच होती. मंडळी आम्हांला काही बोलली नाही, पण तिचे ते न बोलणे अजून आठवते.

तेव्हा कार्ड पिशवीत. त्यात रक्तगट असतो, अंगात रक्त किती ते असते, रक्तदाब आणि धनुर्वाताची सुई यांची नोंद असते. सोनोग्राफीचे कागद त्याच्यासोबत ठेवावेत. दर तपासणीहून आल्यावर कार्ड परत पिशवीतच जाईल, कपाटात नाही. माहेरी येणाऱ्या लेकीने ते सासरहून आठवणीने आणावे. गट निगेटिव्ह असेल तर ते आल्या आल्या नर्सबाईंना सांगावे. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला, तर आईला ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकले तर पुढच्या बाळाला धोका असतो.

आधार कार्ड आणि बाईच्या स्वतःच्या नावाचे बँकेचे पासबुकही घ्यावे. पासबुकावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असे पुष्कळदा असते. मग योजनेचा पैसा अडकतो. ते आधीच नीट करून घ्यावे.

आता कपडे. बाळ जन्मते ते ओले असते आणि त्याच्या अंगातली ऊब झरझर निघून जाते. म्हणून मऊ सुती फडकी लागतात. एकाने पुसायचे, ते बाजूला टाकायचे, आणि दुसऱ्या कोरड्यात गुंडाळायचे. पुसलेल्या ओल्यातच गुंडाळले तर बाळ गारठते. आजीच्या जुन्या लुगड्याची फडकी यासाठी उत्तम. नव्या कापडाला खळ असते, ती टोचते. अशी पाच-सहा फडकी, दोन झबली, दोन टोपडी, काही लंगोट आणि एक दुपटे पुरे. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, तिथूनच ऊब जाते. म्हणून टोपडे विसरू नये.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. थोरल्या मुलाचे कपडे ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले असतात. ते तसेच बाळाला घालू नयेत. त्या गोळ्यांच्या वासाने काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि बाळाला जोराची कावीळ होते. कपडे चांगले धुवावेत, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत, मगच पिशवीत.

आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन किंवा सैल पोलके आणि जुनी साडी. उकळून उन्हात वाळवलेल्या सुती घड्या किंवा दुकानातले पॅड भरपूर घ्यावेत. बाळंतपणानंतर घडी तासाभरात चिंब भिजू लागली, तर लाजू नये, लगेच नर्सबाईंना बोलवावे. तांब्या-पेला, साबण, कंगवा, चपला, फोनचा चार्जर, थोडे सुटे पैसे. स्वयंपाकघर उचलून न्यायला नको. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे आणि रक्त फुकट मिळते. जेवणही साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि शस्त्रक्रियेला ७ दिवस मिळते.

मधाची बाटली आणि गुटी मात्र घरीच राहू द्या. पहिल्या तासात बाळाला आईचा चीक पाजायचा, दुसरे काही चाटवायचे नाही. दागिनेही घरीच.

सोबत एक जाणती बाई आणि एक धावपळ करणारा गडी हवा. मागे गुरांना वैरण कोण घालील आणि थोरले पोर कुठे झोपेल, हेही आधी ठरवावे. नाहीतर बाईचे अर्धे चित्त गोठ्यात राहते. गाडीसाठी १०८ किंवा १०२ वर फोन करायचा. हे आकडे आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर खडूने मोठे लिहून ठेवावेत. पाणी जाऊ लागले तर कळा नसल्या तरी निघावे. रक्त जाऊ लागले, झटका आला, किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पिशवीसाठीही थांबू नये. ती मागून कोणी आणील.

साध्या बाळंतपणानंतर निदान ४८ तास तरी दवाखान्यात राहायचे असते. त्या मुक्कामात बाळाला पहिल्या लसी देतात आणि त्या कार्डात लिहितात. जन्माची नोंदही तिथूनच होते. ती लिहिताना घाईत आईबापांच्या नावात चूक होते, आणि पुढे शाळेत नाव घालताना ती निघते. आम्ही अशी पुष्कळ पाहिली. म्हणून आई, बाप आणि गाव यांची नावे आधारवर आहेत तशीच एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकावीत. ती चिठ्ठी आता तुम्ही स्वतः लिहू शकता. अक्षर मोठे आणि सुटे काढा.