पाकाविना वळावयाचा प्रथिनयुक्त लाडू

‘पौष्टिक’ हे विशेषण मराठीत बरेच सैलपणे वापरले जाते. तुपासाखरेने ओथंबलेल्या पदार्थासही ते लावण्यात येते. तथापि एखाद्या खाद्यात प्रथिने किती व कोणत्या प्रतीची आहेत, हे पाहिल्यावाचून या विशेषणास नेमका अर्थ येत नाही. घरच्या घरी, पाक न करता वळता येणारा दाणे, डाळे व तीळ यांचा लाडू या कसोटीस कितपत उतरतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम नावाचा विचार करू. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक होय. बाजारात दाण्यांची गणना पुष्कळदा बदाम-काजूंबरोबर होते. परंतु वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भुईमूग व मूग ही दोन्ही शिंबावंत कुलातील आहेत. म्हणजे लोकांनी दिलेल्या नावातील ‘मूग’ हे पद अगदीच निराधार नव्हे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, डाळ्यांत सुमारे २० ग्रॅम व तिळांत सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात.

प्रमाणाइतकीच प्रतही महत्त्वाची आहे. प्रथिने ज्या अॅमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसीन व मेथिओनीन ही शरीरास स्वतः तयार करता येत नाहीत. दाण्यांत ही दोन्ही तुलनेने उणी असतात. हरभऱ्यात लायसीन भरपूर, पण मेथिओनीन कमी. तिळात नेमके याच्या उलट. तिन्ही एकत्र आल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

कृती सोपी आहे. भाजून सोललेले दाणे १०० ग्रॅम, डाळे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम व किसलेला मऊ गूळ १०० ग्रॅम घ्यावा. डाळ्यांचे पीठ करावे. दाणे व तीळ तेल सुटू लागेपर्यंत कुटावेत. हे तेल आणि गुळाचा चिकटपणा यांमुळेच मिश्रण बांधले जाते. म्हणून पाक लागत नाही. पाणी मुळीच घालू नये, कारण ओलाव्याने बुरशी धरते. या मिश्रणाचे २५ ग्रॅमचे १४ लाडू होतात.

एकूण प्रथिने सुमारे ५४ ग्रॅम. अर्थात प्रत्येक लाडवात ४ ग्रॅमच्या आत-बाहेर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीची गरज सुमारे ४६ ग्रॅम होते. दोन लाडू तिचा सहावा हिस्सा पुरवितात. हे साहाय्य मोलाचे आहे. पण लाडू जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

एक धोका मात्र दृष्टीआड करता येणार नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे मेले. त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष माणसाच्या यकृतासही घातक असून भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. सुरकुतलेले, काळपट वा कडवट दाणे म्हणूनच टाकून द्यावेत. ज्यांना दाण्यांची अॅलर्जी आहे, त्यांनी हा लाडू वर्ज्य करावा. मराठी स्वयंपाकघरात ‘निवडणे’ म्हणजे चांगले ठेवणे इतकेच नव्हे, तर वाईट काढून टाकणेही होय. या लाडवाची पौष्टिकता कुटण्यापूर्वीच्या त्या निवडण्यावर अवलंबून आहे.